हॉलमधलं खारं पाणी

६ मार्च

विकी म्हणाला, मॅडम, रोज पाण्याचे आकडे लिहून ठेवायचे. म्हणून ही डायरी. पण आकडे पहिल्याच दिवशी डोक्यावरून गेले, तेव्हा बाकीचं लिहिते.

विकी म्हणजे चेंबूरच्या आमच्या गल्लीमागचा माशांचा दुकानदार. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचा. आज त्याच्या माणसांनी काचेची टाकी आणून हॉलमध्ये बाबांच्या दिवाणासमोर बसवली. सोबत वाळू, भोकाभोकांचे दगड, पाणी ढवळणारा पंप आणि बादलीभर मीठ. हे मीठ आमटीत घालायचं नाही, असं विकीने मला दोनदा बजावलं. मी त्याला कशी दिसते कोण जाणे.

माझा नवरा प्रितम घरी आला की विचारेलच, हे काय खूळ. म्हणून कारण इथे नीट मांडते. बाबा म्हणजे माझे सासरे, राजाराम. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि प्रितम बाबांना अकोल्याकडच्या गावातून आमच्याकडे घेऊन आला. तेव्हापासून बाबा या घरात पाहुण्यासारखे बसलेत. टीव्ही लावला तर टीव्ही बघतात, बंद केला तर बंद टीव्ही बघतात. "चौदा एप्रिलची जयंती झाली का जातो," एवढंच अधूनमधून म्हणतात. गावी आता त्यांचं कोणी नाही. दोनदा चक्कर येऊन पडलेत. तिथे पडले तर उचलायला शेजारी येईपर्यंत काय?

मला ते इथे हवे आहेत. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले, घरात मोठं माणूस असलं की मला आधार वाटतो. पण "राहा" म्हणायचं ते मुलाने, सुनेने कसं म्हणायचं? आणि मुलगा म्हणतो, "त्यांच्या मनात असेल तर राहतील ना, मी कशाला जबरदस्ती करू?" प्रितम लिफ्टच्या कंपनीत आहे. अडकलेली माणसं बाहेर काढतो, स्वतःच्या तोंडात अडकलेलं वाक्य काही त्याला काढता येत नाही.

तर मागच्या महिन्यात मी बाबांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले ते नाव पुकारलं तरी हलेनात. एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा काचेपाशी यायचा, बाबा बोट लावायचे, तो पळायचा, परत यायचा. आणि बाबा हसले. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी त्या माशाचा फोटो काढला आणि विकीला जाऊन म्हटलं, हा द्या. तेव्हा कळलं की हा समुद्रातला, याला खारं पाणी लागतं आणि ते वेगळंच प्रकरण असतं. विकी म्हणाला, "फर्स्ट टाइम आहे ना मॅडम, गोल्डफिश घ्या, टेन्शन नाय." पण गोल्डफिशकडे बघून बाबा हसले नव्हते ना.

९ मार्च

आज मीठ कालवलं. बादलीत पाणी, पाण्यात मीठ, मग दुर्बिणीसारख्या एका नळीत थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. आत निळं-पांढरं काहीतरी दिसतं आणि त्यावरून खारटपणा कळतो म्हणे. मला नुसतं निळं-पांढरं कळलं.

बाबा दिवाणावरून बघत होते.

"पोरी, पान्यात मीठ कायले टाकतं वं?"

"समुद्राचे मासे आहेत ना बाबा. त्यांना खारंच लागतं."

"अन् पेतीन कोनतं?"

"हेच."

बाबांनी तोंड फिरवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या गावाकडच्या विहिरी सगळ्या खाऱ्या, त्या भागाला म्हणतातच खारपाणपट्टा. आईंची किडनी त्या पाण्यानेच खाल्ली असं गावात जो तो म्हणतो. हे मला सगळं मीठ ओतून झाल्यावर आठवलं. पण बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्या मनात ते आलं नसावं.

१५ मार्च

टाकीत मासा अजून नाही. टाकी आधी पिकवायची असते. पाण्यात चांगले जंतू वाढेपर्यंत महिनाभर नुसतं बघत बसायचं. वरच्या मजल्यावरच्या माधुरी काकू टाकी बघायला आल्या, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अगं, दगड पाळलेत का?" चहा पिऊन जाताना म्हणाल्या, "आमच्या नणंदेकडे अशीच टाकी होती, आता त्यात ती कपडे ठेवते."

बाबा सगळ्याला हसतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खाली वाकून टाकीच्या काचेवरचा काकूंच्या बोटांचा डाग धोतराच्या सोग्याने पुसला.

२३ मार्च

डोकं फिरायची पाळी आहे. मुंबईच्या उकाड्यात पाणी तापू नये म्हणून टाकीवर छोटा पंखा लावलाय. विकी म्हणतो, पंख्याने पाणी उडतं, रोज चार-पाच लोटे तरी कमी होणार, तेवढं वरून घालत जा. मी म्हटलं, मिठाचं ना? तो म्हणाला, "नाय मॅडम! मीठ उडत नाय, मीठ आतच राहतं. वरून गोडं घालायचं. फिल्टरचं." म्हणजे खारं पाणी खारं ठेवायला त्यात गोडं घालायचं. बरं. तेही मान्य केलं.

पण माझ्या टाकीचं पाणी कमीच होत नाही! मी काचेला चिकटपट्टी लावून खूण केली. ऑफिसला जाताना पाणी खुणेला, आल्यावर खुणेला. विकीला फोन केला तर तो म्हणाला, "सगळ्यांचं उडतं. तुमचंच कसं उडत नाय?" मला आधी अभिमान वाटला, मग भीती वाटली. बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काही दिसलं का?" ते म्हणाले, "मी कायले पाहू?"

टाकी त्यांना आवडलेली नाही, हे आता स्पष्ट आहे.

२ एप्रिल

टाकीपेक्षा मोठी काळजी. बाबा फार पाणी पितात.

गावाहून येताना त्यांनी एकच वस्तू आणली, आईंची तांब्याची लहान घागर. चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले रेल्वेतून. रोज झोपायच्या आधी ते ती चिंचेने घासतात आणि पिण्याच्या पाण्याने भरतात. तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं, म्हणून मी कधी काही म्हटलं नाही. पण गेले काही दिवस बघतेय, मी ऑफिसमधून येते तोवर घागर रिकामी. सबंध घागर! एकटा माणूस एवढं पाणी पितो कसं? माधुरी काकू म्हणाल्या, "शुगर असेल गं. आमच्या ह्यांना अशीच तहान लागायची." मी लगेच लॅबचा नंबर घेतला. प्रितमला सांगितलं तर म्हणतो, उन्हाळा आहे. या घरात काळजी करायचं कंत्राट मला एकटीला दिलंय.

५ एप्रिल

बाबांना जवळजवळ ओढतच लॅबमध्ये नेलं. सुई टोचताना ते माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच चोरून साखर खाते.

रिपोर्ट नॉर्मल. शुगर नाही, काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीला फार जाता का?" बाबा म्हणाले, "नाई बाप्पा." घागरभर पाणी जातं कुठे मग? मी बाबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "गरमी लय हाये इथं," आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

१३ एप्रिल

मासा आला! विकीने पाण्याची परीक्षा घेतली, पास केलं आणि पिशवीतून तो नारिंगी मासा दिला. पिशवी टाकीत तरंगत ठेवून त्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घालत, नव्या सुनेला घरात घेतात तसं हळूहळू आत घेतला. बाबा मागे उभे होते. मासा बाहेर येऊन दगडामागे लपला तेव्हा त्यांनी माझा खांदा दाबला, जोरात. चुकून झालं असावं, खाली वाकताना तोल गेला असेल.

१४ एप्रिल

जयंती. अभिवादन करून, मिरवणूक बघून घरी आलो. आज बाबा जाण्याची तारीख सांगतील म्हणून मी धास्तावले होते. जेवता जेवता म्हणाले, "एवढी पौर्निमा करून जातो." बुद्धपौर्णिमा म्हणजे बाराला, मे महिन्यात. प्रितमने "बरं" म्हटलं आणि लगेच फोनवर तेराचं तिकीट काढलं. एवढी तत्परता माझ्या कामात असती तर! आत येऊन मी त्याला म्हटलं, "अरे, निदान राहा तरी म्हण ना." तो म्हणाला, "तू एवढी टाकीबिकी आणलीस, तरी जातायत. म्हणजे नाही रमत ते, यार. कळत नाही का तुला?"

नाही कळत. म्हणूनच तर लिहिते.

१९ एप्रिल

एक गंमत. मी दाणे टाकते तेव्हा मासा येतो, खातो, जातो. पण बाबा नुसते खोकले तरी तो सरळ दिवाणाच्या बाजूला येऊन काचेला तोंड लावतो. मी खोकून बघितलं. ढिम्म हलला नाही. मी बाबांना म्हटलं, "बघा, तुम्हाला ओळखतो." ते म्हणाले, "मासोळीले काय समजते?" आणि उठून गॅलरीत गेले. मी घरी असले की ते टाकीकडे बघतसुद्धा नाहीत. मी तीन वर्षांच्या संसारात इतकी वाईट गोष्ट आणली नव्हती या घरात, बहुतेक.

२७ एप्रिल

विकीच्या सल्ल्याने टाकीची साफसफाई करायला गोगलगायी आणि दोन कोळंब्या आणल्या. लाल अंगावर पांढरा पट्टा, लांब मिशा. प्रितम म्हणाला, "पहिल्यांदाच कोळंबी आणलीस आणि सोलायची नाही म्हणतेस!" बाबा हसले. खरंच हसले, आवाज करून. मला एवढा आनंद झाला की चहात साखर विसरले.

३० एप्रिल

गोगलगायी काचेवरून खाली पडतायत. उचलून ठेवल्या तरी परत पडतात. एक कोळंबी उलटी पडून पाय हलवतेय. विकी फोन उचलत नाही.

१ मे

दोन्ही कोळंब्या गेल्या. गोगलगायीही. मासा मात्र झकास, त्याला काहीच नाही. असं कसं? पाणी सगळ्यांना एकच ना? मी सकाळपासून सगळं तपासलं, मीठ, पंप, पंखा, मी वापरलेला साबणसुद्धा. बाबा दिवाणावर बसून होते, मग म्हणाले, "खारं पानीच तसं असते. कोनाले लागते, कोनाले नाई." मी रागाने म्हटलं, "बाबा, समुद्र काय गोड असतो का?" नंतर वाईट वाटलं.

४ मे

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

बाटलीत टाकीचं पाणी घेऊन विकीकडे गेले. त्याने थेंब टाकले, रंग बघितला आणि विचारलं, "मॅडम, टाकीत तांबं कुठून आलं?" मी म्हटलं, कसलं तांबं? तो म्हणाला, "कॉपर. मासा सहन करतो. कोळंबी, गोगलगाय, खलास. एवढुसं पण चालत नाय." मी म्हटलं, आमच्याकडे तांब्याचा पाइप नाही, तार नाही, काही नाही. खात्रीने सांगितलं. भांडलेच जवळजवळ. घराचा जिना चढेपर्यंत मी विकीलाच शिव्या देत होते.

दार उघडलं. बाबा टाकीपाशी उभे होते. काखेत घागर, हातात तांब्या. काचेला चिकटवलेल्या माझ्याच खुणेवर डोळा ठेवून धारेने पाणी सोडत होते. आणि बोलत होते, "पे, बाबू, पे. थोडं गोडं पे."

तेव्हा सगळं एकदम कळलं. न उडणारं पाणी, रिकामी घागर, सगळं. आणि मी काय करावं? मी ओरडले. "बाबा, तुम्ही मारलंत त्यांना! तुमच्या या घागरीने मारलंत!"

बाबांच्या हातातला तांब्या टाकीत पडला. ते तो काढायला वाकले, मग थांबले, बहुतेक त्यांना वाटलं की आता हात घालायचाही हक्क नाही. घागर स्वयंपाकघरात नेऊन पालथी घातली.

५ मे

बाबांनी पिशवी भरली. अजून आठवडा आहे आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. प्रितमने मला विचारलं काय झालं, मी सांगितलं. तो म्हणाला, "असं कोणी बोलतं का?" मी म्हटलं, "तू बोल मग काहीतरी." तो उठून गॅलरीत गेला. वाट लावली मी सगळ्याची.

७ मे

सुट्टी घेतली. विकी म्हणतो, तांबं दगडात मुरलंय, या टाकीत कोळंबी पुन्हा जगणार नाही. मासा राहील. मला मासाही नको झालाय. मी बाबांसमोर खाली बसले आणि म्हटलं, "बाबा, मी मासा परत देऊन येते. टाकी काढून टाकते. माझं चुकलं."

बाबांनी मान हलवली आणि आईंचं सांगायला लागले. आईंच्या शेवटच्या दोन वर्षांत डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद सांगितलं होतं. तेव्हा बाबा रोज सायकलवर ही घागर बांधून दुसऱ्या गावाहून गोडं पाणी आणायचे. मला हे ठाऊक नव्हतं. प्रितमलाही नव्हतं बहुधा. "उशीर झाला," बाबा म्हणाले. "त्याच्या आंधी जन्मभर तिनं खारंच पेलं. मले वाटलं, हे जीव आपल्या घरात येनार हायेत, यायले तरी टायमावर गोडं भेटू दे."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, तुमचं पाणी घालणं बरोबरच होतं, रोज गोडं घालावंच लागतं, फक्त घागर चुकली. पण नुसतं गोडं दिलं तर हा मासा मरेल. खारं हेच त्याचं घर आहे, त्यातच तो जन्मला.

"जन्मलाच खाऱ्यात?"

"हो."

"अन् त्याले सोसते?"

"हो, बाबा."

बाबा माशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "प्रितमची मायही तं खाऱ्यातच जन्मली होती. तिच्या बापाचं गाव बी तेच. मंग तिले काहून नाई सोसलं वं?"

मी लॅबमध्ये नेऊ शकते, विकीला विचारू शकते, हे कोणाला विचारायचं? मी नुसती त्यांच्या पायाशी बसून रडले. तेही रडले. आई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते, असं प्रितम सांगतो. मासा मधेच येऊन काचेला तोंड लावून गेला.

१० मे

बाबांनी फिल्टरचं पाणी घालायला स्टीलचा लोटा मागितला. दिला. आता माझ्यासमोर घालतात. पिशवी मात्र दाराशीच आहे. काय समजायचं?

१२ मे

पौर्णिमा. वंदना केली, खीर केली. माधुरी काकूंना वाटी दिली. बाबांनी खीर दोनदा घेतली. उद्या संध्याकाळची गाडी. प्रितम दिवसभर विनाकारण घरातले स्विचबोर्ड दुरुस्त करत होता.

१३ मे

आजचं आजच लिहिते.

चार वाजता प्रितम रिक्षा बघायला खाली गेला. बाबा कोट घालून, टोपी घालून टाकीपाशी उभे. मला म्हणाले, "उद्यापासून पानी कोन टाकीन?"

मी म्हटलं, "मी घालीन बाबा, तुम्ही काळजी करू नका."

"तू तं ऑफिसात राहातं."

"सकाळी घालून जाईन."

"अन् दुपारी आटलं तं?"

"संध्याकाळी घालीन." मी मूर्ख, मी त्यांना खरोखर पाण्याचं वेळापत्रक सांगत होते! त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली, एक चप्पल घातली, दुसरी त्यांना सापडेना. ती समोरच होती. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना सापडत नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदाचा उजेड पडला की दिवाळीनंतर आजवर या माणसाला या घरात कोणी "राहा" म्हटलेलंच नाही. प्रितम मनात म्हणत राहिला, मी त्याने म्हणावं म्हणून थांबले, आणि ते ऐकायला थांबले. सुनेने म्हणावं की न म्हणावं, गेलं खड्ड्यात. मी त्यांच्या हातातली पिशवी धरली आणि म्हटलं, "बाबा, नका जाऊ. मला तुम्ही इथे हवे आहात. राहा."

खालून प्रितम ओरडला, रिक्षा आली म्हणून. बाबांनी पिशवी सोडली नाही. मीही सोडली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग टाकीकडे, दगडांकडे, पंख्याकडे, मिठाच्या बादलीकडे, आणि म्हणाले,

"एवढं म्हनासाठी घरात समुद्र आनला व्हय वं पोरी?"

आणि त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी गॅलरीत जाऊन प्रितमला हाक मारली, रिक्षा परत पाठव. तो वर बघत राहिला, काय झालं ते त्याला काही समजलं नाही. मग वर आला, बाबांच्या पायातली ती एक चप्पल काढून त्याने स्वतः स्टँडवर ठेवली.